बंड्या खाईना झाला: व्हेल्ड कॅमेलियनच्या ४४ दिवसांच्या नोंदी

ज्याचा कॅमेलियन खायचा थांबलाय आणि काय करावं ते सुचत नाहीये, त्याच्यासाठी माझ्या वहीतल्या या नोंदी. त्या त्या दिवशी जे वाटलं आणि जे केलं तेच ठेवलंय. नंतर कळलेलं कुठे घातलं असेल तर तसं लिहिलंय.

प्राणी व्हेल्ड कॅमेलियन, रंग बदलणाऱ्या सरड्यांतला. मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. डिसेंबर २०२४ मध्ये घेतला तेव्हा साधारण ३ महिन्यांचा होता. नर म्हणून मिळाला, मुलीनं नाव ठेवलं बंड्या. परदेशी प्राण्यांसाठी २०२४ साली जे नियम आले त्यांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे. आपल्या रानात सापडतो तो घोयरा सरडा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तो घरी आणायचा नाही.

पिंजरा घरीच केलेला, ६० × ६० × १२० सेंमी, अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि जाळी. मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला आहे, त्यामुळे कापाकापी तिथेच झाली. घर राजारामपुरीत, पहिला मजला, पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात.

२८ जून २०२५, शनिवार

चार दिवसांपासून खाणं कमी होत चाललंय. मंगळवारी १२ रातकिड्यांतले ८ खाल्ले, बुधवारी ५, काल ३, आज २. किडा समोरच्या पानावर चालत असतो, बंड्या एक डोळा तिकडे वळवतो, क्षणभर बघतो आणि डोळा पुन्हा भिंतीकडे फिरवतो. एरवी नेम धरायच्या आधी दोन्ही डोळे पुढे येऊन एकाच जागी खिळतात. ते होतच नाहीये.

खोलीत २४ अंश, बल्बखालच्या फांदीवर २९. गेल्या रविवारचं वजन ९६ ग्रॅम. बाहेर पाऊस लागून राहिलाय, हवेत कुंदपणा आहे. त्यामुळे असेल म्हणून दोन दिवस बघायचं ठरवलं.

३० जून, सोमवार

काल काहीच खाल्लं नाही. पहाटे भूक लागली तर खाईल म्हणून रात्री ६ रातकिडे पिंजऱ्यातच सोडले. ही पहिली चूक. सकाळी शेपटीच्या टोकाजवळ दोन बारीक चावे दिसले, कातडी सोलल्यासारखी झालेली. रातकिडे उपाशी राहिले की झोपलेल्या सरड्याला कुरतडतात. हे मी वाचलेलं होतं, तरी केलं. पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसानं लावलं. किडे शोधून काढायला तासभर गेला, चार सापडले, दोन कुंडीच्या मातीत गेले.

आजपासून जे खायला द्यायचं ते वाटीत, १५ मिनिटं, मग वाटी बाहेर.

२ जुलै, बुधवार

आज तीन गोष्टी एकदम केल्या.

एक, खाणं बदललं. ३०० रुपयांचा सुपरवर्मचा (जाड अळ्यांचा) डबा आणला. एक खाल्ला, दुसऱ्याकडे पाठ फिरवली. शेजारच्या पोरानं उसाच्या फडातनं नाकतोडे धरून आणले होते, ते मात्र मी दिले नाहीत. फडावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. (काजव्यांचंही इथेच सांगतो: पावसाच्या तोंडाला आपल्याकडे काजवे भरपूर असतात, घरात येतात. काजवा सरड्याच्या पोटात गेला तर विष आहे, एक-दोन पुरेसे होतात. जाळीला फट ठेवू नका.)

दोन, ऊब कमी पडत असेल म्हणून ६० वॅटचा बल्ब काढून १०० वॅटचा लावला. १८० रुपये.

तीन, उजेड मिळावा म्हणून पिंजरा गॅलरीच्या खिडकीला नेला.

संध्याकाळी कामावरून आलो तर बंड्या पांढरट पडलेला, तोंड आ वासलेलं, फांदीच्या टोकाला जाऊन बसलेला. फांदीवर तापमापक धरला, ३८ अंश! बल्ब लावताना मोजलंच नव्हतं, तसाच कामावर गेलो होतो. जुना बल्ब परत लावला. अर्ध्या तासात तोंड मिटलं, तासाभरात रंग आला.

४ जुलै, शुक्रवार

खिडकीशी दोन दिवस गेले आणि तब्येत आणखी उतरलेली दिसते. दिवसभर खोडाच्या मागे अंग चपटं करून, काळा पडून बसतो. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो तेव्हा कारण दिसलं. समोरच्या टाकीवर घारी उतरतात आणि कावळे तर गॅलरीच्या कठड्यावरच. त्याला पिंजऱ्यात लपायला जागा आहे, पण जो प्राणी रानात घारीचं खाद्य आहे त्याला घार दिसत असताना खाणं सुचणार नाही. पिंजरा परत कोपऱ्यात आणला.

तीन बदल एकदम केल्यामुळे आता कशानं काय झालं ते सांगता येत नाही. मशीनवर जॉबचा साईज बिघडायला लागला की आम्ही एका वेळी एकच सेटिंग हलवतो, जॉब मोजतो, मग पुढचं. घरी तेच विसरलो. आजपासून एका वेळी एकच बदल, आणि बदलायच्या आधी वहीत आकडा.

५ जुलै, शनिवार

आज काहीही न बदलता फक्त तपासणी केली. आधीच करायला हवी होती.

डोळे: गोल, भरलेले, आत गेलेले नाहीत. दोन्ही उघडे. दिवसा डोळे मिटून बसत नाही.

तोंड: तो स्वतःहून उघडतो तेव्हा टॉर्च मारून बघितलं. आत गुलाबी. पू नाही, पिवळी खपली नाही, चिकट तार नाही.

श्वास: कान जवळ नेऊन ऐकला. चटचट आवाज नाही, नाकपुडीशी बुडबुडा नाही.

विष्ठा: परवाची. मलाचा भाग काळपट, बांधलेला. युरेटचा, म्हणजे लघवीतला घट्ट भाग पांढरा. तो नारिंगी-पिवळा आणि टणक असता तर पाणी कमी पडतंय असं समजायचं होतं. पाणी तर तो रोजच्यापेक्षा जास्त पितोय. सकाळच्या फवाऱ्यानंतर पानांवरचे थेंब सलग सात-आठ मिनिटं चाटत होता.

पकड: चारही पाय फांदी धरतात. पण मागचा डावा पाय गुडघ्यातून किंचित बाहेर वाकलेला वाटतो. आधी तसा होता का? जुने फोटो काढून बघितले. मार्चमध्ये नव्हता.

जीभ: वाटीत सुपरवर्म ठेवून मोबाईलवर स्लो मोशन लावलं. पाऊण तासानं एकदा प्रयत्न केला. जीभ बाहेर आली, तळहाताएवढ्या अंतरावर लोंबल्यासारखी झाली आणि हळूच आत गेली. वर्म जागच्या जागी. एप्रिलमधल्या व्हिडिओत हीच जीभ अंगाच्या दीडपट लांब जाऊन किडा घेऊन येते.

म्हणजे निदान काही वेळा तरी त्याला खायचंय आणि जमत नाहीये.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

वजन १०१ ग्रॅम.

पंधरा दिवसांत धड खाल्लं नाही आणि वजन ५ ग्रॅमनं वाढलं. काटा बिघडला म्हणून टूलरूममधलं १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन घरी आणून ठेवून बघितलं. काटा १००.० दाखवतो. पुन्हा बंड्याला ठेवलं, १०१.

वहीत लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि सोडून दिलं. पाणी जास्त पितोय म्हणून असेल, असा स्वतःचा समज करून घेतला. (नंतरची नोंद: या ४४ दिवसांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच होता. तुमचा प्राणी उपाशी राहूनही वजन वाढवत असेल तर तिथेच थांबा आणि पोटात काय आहे ते शोधा.)

८ जुलै, मंगळवार

जीभ आणि पाय, दोन्हींवरून कॅल्शियमचा संशय. रातकिड्यांना मी कॅल्शियमची पावडर लावूनच देतो, मग कमी कसं? अंगात कॅल्शियम मुरायला डी३ जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात. म्हणून पिंजऱ्यावरचा यूव्हीबीचा दिवा उतरवून बघितला.

दिवा कॉम्पॅक्ट प्रकारचा, डिसेंबरपासूनचा, सात महिने झालेले. ते एकवेळ चाललं असतं. पण दिव्याखाली ३ मिमीची अ‍ॅक्रिलिक शीट आहे. ती मीच एप्रिलमध्ये लावली होती. फवाऱ्याचं पाणी होल्डरवर उडत होतं, शॉक बसेल म्हणून. पारदर्शक आहे, उजेड खाली येतो, मला पुरेसं वाटलं. काचेतून यूव्हीबी जवळजवळ जात नाही आणि अशा शीटमधूनही तेच. म्हणजे एप्रिल ते जुलै बंड्याला यूव्हीबी मिळालेलंच नाही, आणि जूनपासून तर कोल्हापुरात ऊनही नाही.

शीट हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. त्या जीवाच्या हाडांतून तीन महिने कॅल्शियम जात होतं आणि वरचा उजेड बघून मी निर्धास्त होतो.

शीट काढली. ६ टक्के यूव्हीबीची टी५ (बारीक) ट्यूब आणि फिटिंग मुंबईहून मागवली, ४,२०० रुपये. फवाऱ्याचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. हे एप्रिलमध्येच करता आलं असतं, फुकटात.

१० जुलै, गुरुवार

ताजी विष्ठा डबीत घालून तपासायला दिली, २०० रुपये. जंतांची अंडी नाहीत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नाहीत. कुत्र्याचं जंताचं औषध थोडं देऊन बघा असा सल्ला एकानं दिला होता. तपासणीआधी दिलं नाही ते बरं झालं. उपाशी आणि अशक्त सरड्याला अंदाजानं औषध द्यायचं नाही.

ट्यूब आली. फांदीपासून २२ सेंमी वर बसवली, मध्ये फक्त जाळी.

११ जुलै, शुक्रवार

वडणग्याची आत्या दवाखान्याच्या कामाला आली होती, दुपारी घरी थांबली. तिच्या गोठ्यात चार म्हशी. चहा पितापिता ती पिंजऱ्याकडे बघत बसली. बंड्या आज सकाळपासून तळाशी फिरतोय, कोपऱ्यात पुढच्या पायांनी खरवडतोय, पुन्हा वर चढतोय, पुन्हा खाली. मी म्हटलं, आजारी आहे, खाईना झालाय.

"पानी पितोय न्हवं?"

म्हटलं, पाणी भरपूर.

"मग आजारी कशाचा. म्हस याला झाली की वैरण तोंडात धरत न्हाई, नुसतं पानी पिती आन् खुट्ट्याभोवतीनं फिरती. जागा हुडकाय लागलीया ती. गाभण हाय बघ."

"आत्या, नर आहे तो. आणि सात महिने एकटाच आहे."

"तलंग कोंबडीला कुठं कोंबडा लागतोय रं अंडी घालाय?"

मी विषय सोडून दिला. कॅल्शियमचं कारण सापडलं होतं, ट्यूब लागली होती, आता सुधारणारच असं डोक्यात पक्कं होतं. इथे दोन दिवस गेले.

१३ जुलै, रविवार

वजन १०६.

रात्री झोपला नाही. दिवे गेल्यावर कॅमेलियन एका जागी गुंडाळी करून झोपतो, फिकट पडतो. हा साडेदहाला तळाशी खरवडत होता. सकाळी रंग गडद हिरवा, जवळजवळ काळा, आणि त्यावर पिवळे आणि निळे ठिपके. हा रंग आठवड्याभरापासून येऊन-जाऊन होता, मी तो ताण म्हणून लिहीत होतो.

आत्याचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. हातावर घेतला आणि मागचा पाय उलटा करून बघितला. व्हेल्ड कॅमेलियनच्या नराच्या मागच्या टाचेवर काट्यासारखा एक उंचवटा असतो, अंड्यातून बाहेर आल्या दिवसापासून. मादीला तो नसतो. भिंगातून दोन्ही टाचा बघितल्या. सपाट, बारीक खवले, बोट फिरवलं तर काहीच लागत नाही.

मादी आहे.

डोक्यावरचा उंच टोप बघून नर म्हणून दिली गेली आणि मीही कधी टाच बघितली नाही. टोप मादीलाही येतो, थोडा लहान. पिल्लात त्यावरून ओळखू नये.

आता पोट बघितलं. बरगड्यांच्या खाली बाजूला बोटाच्या पेरानं अगदी हलकं टेकवलं, आत वाटाण्यासारख्या गाठी सरकल्या. पोट दाबायचं नाही, अंडं आत फुटलं तर जीव जातो. मी एकदाच टेकवलं आणि ठेवून दिलं.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "मग जागा करून दे की तिला."

(इथपर्यंतच्या नोंदींत "तो" आहे, तसाच ठेवलाय. नाव बंड्याच राहिलं, मुलगी बदलू देत नाही.)

१४ जुलै, सोमवार

कोल्हापुरात सरड्यांचं नेहमी बघणारा डॉक्टर मला सापडला नाही. पुण्यातल्या एका डॉक्टरांशी व्हिडिओवर बोललो, ७०० रुपये. वजनांची वही, जिभेचा व्हिडिओ, दिव्याची हकीकत, सगळं दाखवलं. ते म्हणाले की वजनांच्या नोंदींनी निम्मं काम झालं.

त्यांचं म्हणणं असं. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, ती फळत नाहीत इतकंच. अंडी पोटात वाढली की जागा राहत नाही आणि खाणं सुटतं. त्यात नवल नाही. धोका दोन ठिकाणी आहे. उकरायला जागा मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते आणि ती आतच अडकतात. आणि अंगात कॅल्शियम नसेल तर जागा मिळूनही अंडी ढकलायला स्नायूंना ताकद नसते. माझ्याकडे दोन्ही होतं.

आधी एक्स-रे, कॅल्शियम, आणि आजच्या आज मातीचं भांडं. अंडी सुटण्याचं इंजेक्शन आत्ता नाही: आकडा, आकार आणि वाट मोकळी आहे का हे बघितल्याशिवाय ते देणं धोक्याचं.

१५ जुलै, मंगळवार

कुत्र्या-मांजरांच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढून दिला, ५०० रुपये. बंड्याला पातळ सुती पिशवीत घालून प्लेटवर ठेवलं. अंधारात ती हलत नाही, पकडावी लागली नाही.

फिल्म उजेडाला धरली आणि पोटभर द्राक्षाच्या घडासारखी लंबगोल अंडी दिसली. मोजता मोजता ३० च्या पुढे गेलो. सगळी साधारण एका आकाराची, एखादं फार मोठं किंवा वेडंवाकडं नाही, म्हणजे वाट अडलेली वाटत नाही. पण पायांची हाडं फिल्मवर पुसट, कडा नीट दिसत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून तेच सांगितलं, हाडं पातळ झालीत.

इथल्या डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन दिलं. तोंडातून द्यायचं पातळ कॅल्शियम लिहून दिलं, मात्रा वजनावर. ती इथे लिहीत नाही, कारण ती १०६ ग्रॅमच्या बंड्याची आहे. इंजेक्शन आणि औषध मिळून ३५० रुपये.

१६ जुलै, बुधवार

अंड्यांचं भांडं. प्लास्टिकचं चौकोनी धान्याचं पिंप, आरपार दिसू नये असं, ३० सेंमी खोल माती राहील एवढं. पिंप आणि वाळू मिळून २४० रुपये.

पहिल्यांदा धुतलेली बारीक वाळू नुसतीच भरली. रात्री तिनं उकरलं. सकाळी बघतो तर भोक ढासळलेलं आणि ती वर फांदीवर. उकरायचं, ढासळायचं, पुन्हा उकरायचं. अशक्त मादीची ताकद यातच जाते.

१७ जुलै, गुरुवार

कारखान्यात फाउंड्रीतल्या एका जुन्या मोल्डरला (वाळूचे साचे करणाऱ्याला) विचारलं. वाळूत आकार कसा टिकतो ते त्याच्याइतकं कुणाला कळणार! त्यानं मूठ वळून दाखवली. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची. गोळा बोटांच्या खुणांसकट टिकला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये, आणि गोळा दोन हातांनी मोडला की स्वच्छ दोन तुकडे व्हायला हवेत. भुगा झाला तर कोरडी, चिखल राहिला तर ओली. म्हणाला, "मुठीनं सांगितलं की मोल्ड पडत न्हाई."

साच्याची वाळू मात्र आणायची नाही, तिच्यात बेंटोनाइट (चिकट माती) आणि कोळशाची भुकटी असते. मी धुतलेली वाळू आणि खत न घातलेली बागेची माती निम्मी-निम्मी घेतली. पावसाळी हवेत माती आधीच ओली, त्यामुळे पहिल्या घाण्यात पाणी जास्त झालं आणि गोळ्यातून पाणी सुटलं. कागदावर पसरून पंख्याखाली चार तास ठेवली, मग मूठ जमली. पिंपात भरून हातानं ३० सेंमीपर्यंत तिरपं भोक पाडून बघितलं, टिकलं.

१८ जुलै, शुक्रवार

ती पहाटे पिंपात उतरली आणि उकरायला लागली. नुसतं डोकं आणि खांदे भोकात. मुलगी आणि मी दारातून बघत होतो. सहा-सात मिनिटांत तिनं डोकं बाहेर काढलं, एक डोळा आमच्याकडे वळवला, तसाच ठेवला, आणि भोक सोडून वर चढून गेली.

आमची चूक. कॅमेलियनला उकरताना कुणी बघतंय असं वाटलं तर ती जागा सोडते. पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी जुनी गडद चादर लावली, हॉलमधला टीव्ही बंद, घरातल्यांची ये-जा स्वयंपाकघराच्या दारानं. जुना मोबाईल चादरीच्या आत ठेवून त्यावरूनच बघायचं. आईला हॉलमध्ये बसता आलं नाही, पण तिनं एका शब्दानं कुरकूर केली नाही.

२० आणि २१ जुलै

रविवारी सकाळी ९ ला उकरायला सुरुवात. दुपारी २ ला फक्त शेपूट बाहेर. संध्याकाळी तिनं भोकात तोंड फिरवलं, आता डोकं वर आणि मागचा भाग आत. मोबाईलवर तिचा एक डोळा आणि मातीनं माखलेला टोप एवढंच दिसत होतं. डोळा मधूनच मिटायचा, अंग एकदा आवळायचं, मग पुन्हा उघडायचा. रात्री ११ पर्यंत हेच चाललं होतं. लाईट दोनदा गेली. मी जागाच होतो, पण जवळ गेलो नाही.

सोमवारी पहाटे ती बाहेर येऊन मागच्या पायांनी माती ढकलत होती. भोक पूर्ण बुजवून वरून पायांनी दाबून सपाट केलं, त्यात दुपार झाली. मग फांदीवर चढली, चढताना तीनदा थांबली.

फवारा लावला. अकरा मिनिटं पाणी पीत होती.

२२ जुलै, मंगळवार

वजन ७० ग्रॅम. शनिवारी १०८ होतं. अंगावर कातडी लोंबतेय, बरगड्या दिसतात. हे बघवत नाही, पण डॉक्टर म्हणाले अपेक्षित आहे.

पिंप बाहेर काढून चमच्यानं माती सोडवली. ३४ अंडी, पांढरी, चामड्यासारखी, एकमेकांना चिकटून. फळलेली नसल्यामुळे बागेत पुरली.

२३ जुलै, बुधवार

तिला पचायला हलकं, पाणीदार आणि कॅल्शियम असलेलं काहीतरी हवं होतं. रेशीम अळी हे कॅमेलियनचं उत्तम खाद्य आहे, आणि आपल्या जिल्ह्यात रेशीम शेती आहे. कामावरच्या एकाच्या मेव्हण्याची शेड आहे, त्यानं तुतीच्या पाल्यासकट ओंजळभर अळ्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. शेडमध्ये रोग येऊ नये म्हणून अळ्यांवर पावडर धुरळतात, त्यामुळे धुरळणीच्या आधीच्या मागून घेतल्या आणि स्वच्छ पाल्यावर वेगळ्या ठेवल्या.

दुपारी एक अळी पानावर सोडली. बंड्याचे दोन्ही डोळे पुढे आले, खिळले. अंग पुढे झुकलं, तोंड किंचित उघडलं, जीभ गेली आणि अळी आली. अंतर फार नव्हतं, पण आली. लगेच दुसरी, मग तिसरी. २१ दिवसांनी. मुलगी शाळेतून आल्यावर व्हिडिओ दाखवला, तिनं तो किती वेळा बघितला ते मोजलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार

दुसरा एक्स-रे, ५०० रुपये. हा टाळू नका. पहिल्या फिल्मवर अंडी एकमेकांवर आल्यामुळे नेमकी संख्या कळत नाही आणि एखादं आत राहिलं तर ते कुजून मादी दगावते. बंड्याचं पोट मोकळं आहे.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

७६ ग्रॅम. रोज ४-५ रेशीम अळ्या किंवा रातकिडे, कॅल्शियम लावून. डी३ असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. तोंडातून द्यायचं कॅल्शियम डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे सुरू ठेवायला सांगितलंय.

एकूण खर्च ७,१७० रुपये. त्यातले १०० वॅटचा बल्ब आणि सुपरवर्म मिळून ४८० वाया. पहिल्याच दिवशी टाच बघितली असती तर १५ दिवस वाचले असते.

१० ऑगस्ट, रविवार

८४ ग्रॅम. जीभ मोजली: वाटी फांदीपासून २५ सेंमीवर ठेवली, पहिल्या फेकीत किडा आला. रात्री गाढ झोपते.

मागचा डावा पाय तसाच वाकडा आहे. तो सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत नाहीये एवढं खरं. चढताना ती तो पाय आधी टेकवते, मग दुसरा, आणि मला दर वेळी ती अ‍ॅक्रिलिकची शीट आठवते.

आता बदललेलं वेळापत्रक: खाणं एक दिवसाआड, ५ किडे. मी रोज १२ द्यायचो, आणि मादीला भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी जास्त धरते. बल्बखाली २८ अंश, रेग्युलेटर लावलाय. ट्यूबवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहिली आहे. वजन दर रविवारी.

पिंप पिंजऱ्यातच राहणार, कायमचं. व्हेल्ड मादी वर्षातून दोन-तीनदा अंडी घालू शकते, त्यामुळे दिवाळीच्या पुढेमागे पुन्हा तयारी लागेल. आज वरची माती सुकलेली वाटली. थोडं पाणी शिंपडून ढवळली आणि मूठ वळून बघितली. गोळा टिकला, मोडल्यावर दोन तुकडे झाले.